फिशटँकमध्ये बर्फ टाकावा का?

‘उन्हाळ्यात टाकीत बर्फाचे खडे टाका, मासे गार राहतात’ हा सल्ला दरवर्षी फिरतो. हेतू चांगलाच आहे. पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, खरी अडचण ती. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. छोट्या टाकीत बर्फाने तापमान झपकन उतरतं, वितळला की पुन्हा चढतं. हा चढउतारच माशांना बाधतो. थर्मामीटर लावून दर दहा मिनिटांनी आकडा बघा, कळेल. त्यापेक्षा झाकणाऐवजी जाळी ठेवा, एअर पंप चालू ठेवा, पाण्यावरून छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंश उतरतं, कोरड्या नागपुरात जास्त, दमट मुंबईत कमी (कूलरचंही तसंच!). आटलेलं पाणी मात्र भरत राहावं लागतं, क्लोरीन काढलेलं.