शुगर उतरली, मग तळपाय का पेटले?

तासगावकडचा एखादा द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणा. शुगर आहे हे माहीत, पण छाटणी, फवारणी, व्यापाऱ्यामागची धावपळ यांत गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, १३. मग पायाची जखम चिघळते, सांगलीत ॲडमिट व्हावं लागतं, इन्शुलिन सुरू होतं. घाबरलेला गडी पथ्यही कडक पाळतो. पुढच्या रिपोर्टात आकडा ८. घरचे खूश. आणि नेमकं त्याच सुमारास रात्री तळपाय पेटतात. चादरीचा काठ अंगठ्याला लागला तरी कळ मस्तकात जाते. पाय पांघरुणाबाहेर काढून माणूस पहाटेपर्यंत टक्क जागा.

आळ अर्थातच सुईवर येतो. ‘इन्शुलिननं नसा गेल्या’ असं पारावर कुणीतरी ठासून सांगतं, आणि इन्शुलिन बंद होतं.

इन्शुलिन सुरू केल्यावर वेदना उसळल्याची नोंद १९३३ सालचीच आहे. पण नुसत्या गोळ्यांनी, अगदी कडक पथ्यानंही शुगर धाडकन उतरली तर हेच होतं. म्हणजे औषध कुठलं यापेक्षा उतरण्याचा वेग महत्त्वाचा. बॉस्टनच्या गिबन्स आणि फ्रीमन या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ९५४ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या १०४ जणांना हा त्रास होता. तीन महिन्यांत एचबीए१सी २ ते ३ अंकांनी उतरलं तर धोका सुमारे २० टक्के, ४ अंकांहून जास्त उतरलं तर ८० टक्क्यांच्या वर. अर्थात, हे सगळे नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, तक्रारी घेऊन खास दवाखान्यात आलेले लोक होते. गावातल्या प्रत्येक शुगरवाल्याला हे आकडे लावत बसू नये.

दुखावतात त्या सगळ्यांत बारीक नसा. वेदना आणि गरम-गार त्याच ओळखतात. रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचालही त्यांच्याच हाती. म्हणून काहींना आगीसोबत उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वर्षानुवर्षं जास्त साखरेत राहिलेल्या नसेला अचानक इंधन कमी पडतं, शिवाय तिच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त आडवाटेनं निघून जातं आणि प्राणवायू तोकडा पडतो, असा संशोधकांचा कयास आहे. याच काळात डोळ्याचा पडदाही बिघडू शकतो. शुगर फार चढलेली असेल तर उपचाराच्या सुरुवातीलाच पडदा तपासून घेतलेला बरा.

आता उपचारच सोडावेत का? मुळीच नाही. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, टाइप १ मधुमेहात शुगर काटेकोर ठेवल्यावर नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी घटला होता. आकडा फार वर असेल तर घाई न करता टप्प्याटप्प्यानं उतरवायचा, एवढंच. मात्र चिघळलेली जखम, गरोदरपण किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना थांबायला सवड नसते.

आग सुरू झालीच तर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिनसारखी नसांच्या वेदनेवरची औषधं डॉक्टर देतात. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यातून माणूस माळकरी असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगावं. ते कमी पडलं तरी पायांना अशाच मुंग्या येतात, आणि त्यावर उपाय सोपा आहे. बाकी शुगर स्थिर राहिली तर ही आग बहुतेकांची वर्ष-दीड वर्षात ओसरत जाते.