ऑडिट पास, म्हणून भूकंपालाही पास?

गिरगाव-दादरपासून पुण्याच्या पेठांपर्यंत, विटांच्या जुन्या लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणाऱ्या इमारतींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, आता भूकंपाची काळजी नाही." काळजी आहे.

ऑडिट सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत 30 वर्षांनंतर ते कायद्यानेच करावं लागतं. गळती, तडे, मजल्यांखालच्या कुजलेल्या लाकडी कड्या वगैरे बघून इमारत रोजचं वजन पेलते का, एवढं ठरवतात. वजन खाली जातं. भूकंपाचा धक्का आडवा येतो.

खरी गल्लत होते तळमजल्यावरच्या दुकानांपाशी. दर्शनी भिंत काढून गर्डर टाकलेला असतो. ऑडिटवाला "गर्डर पुरेसा" असं लिहितो, आणि वजनापुरतं ते खरंही असतं. पण ती भिंत रस्त्याला समांतर येणारा धक्काही अडवत होती. दोन टोकांना नुसता टेकलेला गर्डर तो अडवत नाही. मागची भिंत शाबूत आणि पुढची गायब, त्यामुळे हलताना इमारत पिळली जाते. भारतीय मानक 4326 नुसार तीन-चार मजली इमारतीत दारं-खिडक्यांची एकूण रुंदी, जोखमीप्रमाणे, भिंतीच्या लांबीच्या 33 ते 42 टक्क्यांच्या आत हवी. शटरांच्या रांगेपुढे हा हिशेब उरतच नाही.

वजनाच्या हिशेबात तळमजल्याला जपतात. भूकंपात वरचा मजलाही तितकाच नाजूक. तिथे हादरा जास्त, आणि भिंतीवर भार कमी म्हणून विटांच्या सांध्यांतलं घर्षणही कमी. आधी गच्चीचा कठडा पडतो. कड्या भिंतीच्या खोबणीत नुसत्या टेकलेल्या असतील तर भिंत बाहेर कोसळते आणि तिच्यामागे तक्तपोशी, म्हणजे कड्यांवरची फळ्यांची जमीन. म्हणून दोन-तीन ठिकाणी कडी आणि भिंतीचा हा सांधा उघडून बघायलाच हवा.

विटांच्या इमारतीच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे पानभर आकडे दिसले की डोकं फिरतं. आपटून काँक्रीटची ताकद अजमावायचं ते हत्यार. इथे सांध्यातला चुना खिळ्याने खरवडून बघा. भुगा पडला, तर एक वीट काढून शेजारची जॅकने ढकलण्याची चाचणी मागा. मूल्यमापनही मानक 13935 प्रमाणे हवं. 15988 काँक्रीटच्या सांगाड्यांसाठी आहे.

पैसे तुटपुंजे असतील तर आधी कठडा बांधून घ्या आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर भिंती टाय रॉडने, म्हणजे आरपार ताणलेल्या लोखंडी सळईने जखडा. रंग नंतर.