पीओए: यू कधी, डब्ल्यू कधी

पीओए (प्रेझेंट ऑन ॲडमिशन) म्हणजे निदान ॲडमिशनच्या वेळी होतं का, हे सांगणारं अक्षर. अमेरिकन इनपेशंट (दाखल रुग्णांचे) चार्ट कोड करणाऱ्यांना, म्हणजे त्यांतल्या निदानांना बिलासाठी कोड देणाऱ्यांना, ‘वाय’ आणि ‘एन’ नव्याने शिकवायला नकोत. ॲडमिशनची ऑर्डर निघाली तेव्हा आजार होता तर वाय, नंतर झाला तर एन. इमर्जन्सीत किंवा ऑब्झर्वेशनमध्ये (दाखल न करता निरीक्षणाखाली असताना), ऑर्डर निघायच्या आधी सुरू झालेलं सगळं वायच.

घोळ होतो तो यू आणि डब्ल्यूचा. ऑडिटमध्ये चूक दाखवली की ठरलेलं उत्तर येतं, “कळत नव्हतं, म्हणून डब्ल्यू लावला.” कुणाला कळत नव्हतं? चार्टमध्ये नोंद अपुरी आहे म्हणून कोडरला ठरवता येत नसेल, तर यू. डॉक्टरने स्वतः लिहिलं असेल, की हे आधीचं की नंतरचं ते वैद्यकीयदृष्ट्या सांगता येत नाही, तरच डब्ल्यू.

समजा, नर्सिंग होममधून आलेल्या आजींना आधीपासूनच कॅथेटर आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर कॅथेटरमुळे झालेला यूटीआय (मूत्रमार्गाचा संसर्ग) लिहितात. तो कधीपासून, याबद्दल चार्टमध्ये अक्षर नाही. इथे डब्ल्यू लावायचा अधिकार आपल्याला नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना खुलासा विचारणारा प्रश्न, टाकायची. “संसर्ग आधी होता का, हे तपासण्यांवरून सांगता येत नाही,” असं डॉक्टरांनी लिहिलं, की डब्ल्यू.

फरक पैशांतही उतरतो. हा यूटीआय मेडिकेअरच्या (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिटल-अक्वायर्ड कंडिशन्सच्या, म्हणजे हॉस्पिटलमध्ये झालेल्या आजारांच्या, यादीत आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून या यादीतल्या निदानाला वाय किंवा डब्ल्यू असेल, तरच त्यामुळे वाढणारी डीआरजीची (निदानाच्या गटानुसार ठरणारी) रक्कम मिळते. एन किंवा यू असेल तर ते निदान त्या हिशेबात धरलंच जात नाही. म्हणजे यूच्या जागी मनाने डब्ल्यू लावणं म्हणजे डॉक्टरांनी जे म्हटलंच नाही, त्याचे पैसे मागणं. मला ही चूक सगळ्यात गंभीर वाटते.

उलट टोकही मला खपत नाही. क्वेरीचा कंटाळा म्हणून सरसकट यू ठोकणारे आहेत. कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइनच्या परिशिष्ट १ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की यू नेहमीच्या वापरासाठी नाही. अगदी मोजक्या वेळी लावायचा.

आणि क्वेरी लिहिताना “ॲडमिशनच्या वेळी होता ना?” असं विचारू नका. होता, नव्हता, वैद्यकीयदृष्ट्या सांगता येत नाही, असे पर्याय द्या आणि पैशांचा उल्लेखही करू नका. पाठपुरावा करूनही उत्तर आलं नाही, तर त्या चार्टवर यूच राहील.