एसएसडीवर चेकडिस्क चालवल्याने ती खराब होत नाही

‘एसएसडीवर चेकडिस्क चालवू नका, आयुष्य घटतं’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो चुकीचा आहे. एसएसडी म्हणजे फ्लॅश मेमरीवर चालणारी ड्राइव्ह, आणि ही मेमरी झिजते ती लिहिण्या-पुसण्याने. चेकडिस्कचं, म्हणजे ड्राइव्ह तपासणाऱ्या विंडोजच्या ‘chkdsk’ या आज्ञेचं, बहुतेक काम वाचण्याचं असतं. सोबत काहीच पर्याय दिला नाही तर ती फक्त तपासते, दुरुस्ती करत नाही. ‘स्लॅश एफ’ (/f) हा पर्याय दिल्यावर फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे या हिशेबाच्या, नोंदी दुरुस्त होतात. त्यासाठीचं लेखन किरकोळ असतं. ‘स्लॅश आर’ (/r) मात्र सगळी ड्राइव्ह वाचून काढतं. वेळखाऊ आहे, आणि दर वेळी गरजेचंही नाही.

खरा धोका वेगळाच आहे: मरणपंथाला लागलेल्या ड्राइव्हवर थेट दुरुस्ती सुरू करणं. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. मग स्मार्टची माहिती, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहा. एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या एसएसडी) ड्राइव्हमध्ये ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ हा डेटातल्या चुकांचा आकडा शून्य हवा. वाढत असेल तर ड्राइव्ह बदला, दुरुस्तीत वेळ घालवू नका. साटा (सहसा केबलने जोडलेल्या) ड्राइव्हमध्ये 199 क्रमांकाची सीआरसी त्रुटींची, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांची, नोंद वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. केबल बदलल्यावर जुना आकडा सहसा तसाच राहतो, फक्त पुढे वाढायचा थांबतो. हे ठाऊक नसल्याने चांगल्या ड्राइव्ह फेकल्या जातात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमची, 55 क्रमांकाची नोंद म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडलेली. स्मार्ट स्वच्छ असेल तर अचानक वीज जाण्यासारखं कारण शोधा आणि ‘स्लॅश एफ’ चालवा. सी ड्राइव्हसाठी ती तपासणी रीस्टार्टनंतर होते.