मानवी एन्झाइमच्या कुपीवरचे चार शब्द

पुण्यात पाषाणला किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या प्रयोगशाळेत मानवी एन्झाइम येतं ते थर्मोकोलच्या डब्यात, ड्राय आइसवर, दहा-वीस मायक्रोग्रॅमच्या कुपीत. लेबलवर असतं: मानवी, रिकॉम्बिनंट, ई. कोलाय, हिस-टॅग. म्हणजे माणसाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून बनवलेलं, आणि शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेलं. किंमत बघून डोळे पांढरे होतात. पण यातला प्रत्येक शब्द एकेका जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे, आणि प्रयोग फसतो तेव्हा बरेचदा त्यांपैकीच एखादा तोडगा आड आलेला असतो.

पूर्वी मानवी एन्झाइम माणसाकडूनच काढावं लागे. यूरोकायनेज लघवीतून, कार्बोनिक अनहायड्रेज लाल रक्तपेशींतून, अल्कलाइन फॉस्फटेज वारेतून (प्लासेंटातून). गौशे या आनुवंशिक रोगावरचं ग्लुकोसेरेब्रोसिडेज १९९१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं, तेही वारेतून काढलेलंच. एका रुग्णाला वर्षभर पुरवायला हजारो वारा लागत. रिकॉम्बिनंट पर्याय आला १९९४ मध्ये.

जनुक जिवाणूत घालायची वाट कोहेन आणि बोयर यांनी १९७३ मध्ये दाखवली होती. १९७७ मध्ये जिवाणूत सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक बनलं, १९७८ मध्ये इन्सुलिन. १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. पण सोमॅटोस्टॅटिन म्हणजे जेमतेम १४ अमिनो आम्लं. एन्झाइमला नेमकी घडी पडावी लागते, आणि घोडं तिथेच अडलं. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या एन्झाइममध्ये ५२७ अमिनो आम्लं आणि घडी पक्की धरणारे १७ डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध. ई. कोलायच्या पेशीरसात असे बंध टिकत नाहीत. प्रोटीन बनतं, पण गाळ होऊन बसतं. हा गाळ ८ मोलर यूरियात विरघळवून पुन्हा घडी घालता येते, पण उतारा फार कमी. म्हणून टीपीए सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या, पेशींत बनवलं गेलं आणि १९८७ मध्ये मंजूर झालं. मानवी कायनेजेससाठी (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांसाठी) आजही अनेकदा बॅक्युलोव्हायरस हा कीटकांचा विषाणू आणि कीटकपेशी वापरतात, त्यामागचं कारणही जवळपास हेच.

संशोधनासाठी स्वस्त माल मिळायला लागला तो दोन गोष्टींमुळे. एक, टी७ या जिवाणू-विषाणूच्या यंत्रणेने ई. कोलायकडून भरपूर प्रोटीन बनवून घेण्याची स्टुडिअर आणि मॉफॅट यांची पद्धत (१९८६). दुसरी, त्याच सुमारास होखुली यांनी पुढे आणलेला निकेलचा रेझिन: प्रोटीनला जोडलेली सहा हिस्टिडीनची शेपटी त्याला चिकटते. आजची रीत तीच: कल्चर ३७ अंशांवर ०.६ ओडीपर्यंत (गढूळपणाचं माप) वाढवायचं, १८ अंशांवर आणायचं, जनुक चालू करणारं आयपीटीजी ०.१ ते ०.५ मिलिमोलर घालून रात्रभर शेकरवर ठेवायचं. थंड ठेवण्याचं कारण, प्रोटीन सावकाश बनलं तर घडी पडायला वेळ मिळतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात कूलिंग नसलेला शेकर १८ वर येणं शक्यच नाही. आणि मध्येच वीज गेली, शेकर थांबला, की ऑक्सिजन घटून पेशी मंदावतात.

नंतर निकेल रेझिनचा कॉलम. निकेलवरची हिस्टिडीनची जागा घेणाऱ्या इमिडाझोलने, २० मिलिमोलर, धुवायचं, २५० ने प्रोटीन सोडवायचं. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये धातू पकडणारं ईडीटीए राहिलं तर ते निकेल ओढून घेतं आणि निळा-हिरवा रेझिन पांढरा पडतो. डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी जास्त झालं तर तपकिरी. सायटोक्रोम पी४५० सारख्या एन्झाइममध्ये उरलेलं इमिडाझोल थेट हीममधल्या लोखंडाला चिकटतं, म्हणून ते पूर्ण काढल्याशिवाय मोजमाप करण्यात अर्थ नाही. जेलवर अपेक्षित पट्ट्याखाली तुकडे दिसले तर आधी जनुक तपासावं: मानवी जनुकात सर्रास येणारे एजीए, एजीजी हे कोडॉन (एकेका अमिनो आम्लाची तीन अक्षरी खूण) ई. कोलायला दुर्मीळ, तिथे काम अर्धवट सुटतं. असे कोडॉन वाचणारे जादा टीआरएनए पुरवणारा स्ट्रेन किंवा कोडॉन बदलून बनवलेलं जनुक, हे उपाय.

भारतात याची चौकट १९८० च्या दशकात उभी राहिली: १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग, १९८९ मध्ये जनुकीय बदल केलेल्या जिवांसाठीचे नियम. त्यामुळे संस्थेत जैवसुरक्षा समिती हवीच. पुण्याची सोय अशी की पेशी एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) भांडारातून आणि सूक्ष्मजीवांचे स्ट्रेन एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) संग्रहातून मागवता येतात.

विकत घेताना शुद्धतेच्या टक्क्यांपेक्षा युनिटची व्याख्या आधी वाचावी. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारं एन्झाइम, हा रिवाज. पण कोणी नॅनोमोल धरतं, कोणी २५ अंशांवर मोजतं, कोणी ३७ वर. दोन कंपन्यांचे आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना करू नये. कुपी आली की ५-१० मायक्रोलिटरच्या वाट्यांत विभागून उणे ८० ला ठेवावी. फार पातळ द्रावणात बीएसए (गाईच्या रक्तातलं एक स्वस्त प्रोटीन) नसेल तर प्रोटीन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं.