पोटॅशियम म्हणजे तापट सोडियम नव्हे

निफाडहून क्लासला येणाऱ्या एका मुलानं परवा विचारलं, "सर, आमच्या बागेला ठिबकमधून ०:०:५० सोडतात. त्यात पोटॅशियम असतं, मग पाण्यात पेट कसं घेत नाही?"

द्राक्षाच्या गावचं पोरगंच असं विचारणार! या खताच्या पिशवीत असतं पोटॅशियम सल्फेट. त्यातल्या पोटॅशियमनं बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन कधीच देऊन टाकलेला असतो. दंगा करतो तो धातू.

या धातूचीच सोडियमशी गल्लत होते. दोन्ही चंदेरी, सुरीनं कापता येतील इतके मऊ, केरोसीनमध्ये बुडवून ठेवलेले. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीनं दोघांना वेगळं काढलं तेही एकाच वर्षी, १८०७ मध्ये, काही दिवसांच्या अंतरानं. त्यामुळे 'पोटॅशियम म्हणजे जास्त तापट सोडियम' हे उत्तर मुलं बिनधास्त ठोकतात.

पाण्यापुरतं ते खपतं. सोडियमचा तुकडा वितळून गोळी होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो. पोटॅशियम टाकताक्षणी जांभळट ज्योतीनं पेटतो. त्याचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून सुटतो लवकर: तो काढायला सोडियमला मोलमागे (अणूंच्या ठरावीक संख्येमागे) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, पोटॅशियमला ४१९. क्लोरीनशी दोघांचंही पांढरं मीठच होतं. हायड्रोजनबरोबर तापवले की हायड्राइड. नायट्रोजनला दोघंही विचारत नाहीत. तो मान एकट्या लिथियमचा.

ऑक्सिजनपाशी मात्र वाटा फुटतात. भरपूर हवेत जाळलं तर सोडियमचं मुख्यतः फिकट पिवळं पेरॉक्साइड होतं आणि पोटॅशियमचं नारिंगी-पिवळं सुपरऑक्साइड. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या जोडीवर दोन ऋण प्रभार असतात, सुपरऑक्साइडमध्ये एकच. ही एका प्रभाराची ऐसपैस जोडी स्फटिकात टिकायची तर शेजारचा धन आयनही (इलेक्ट्रॉन देऊन बसलेला धातूचा अणू) ऐसपैस लागतो. पोटॅशियमचा आयन तसा आहे, सोडियमचा लहान पडतो. म्हणजे फरक नुसत्या जोराचा नाही, पदार्थच वेगळा तयार होतो. परीक्षेत 'दोन्हींचं ऑक्साइड' लिहून मोकळं होणाऱ्यांचे मार्क मी इथेच कापतो.

हे सुपरऑक्साइड कामाचंही आहे. खाणीतल्या बचावकार्यात वापरायच्या काही श्वसनसंचांत ते भरतात. उच्छ्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ते घेतं, बदल्यात ऑक्सिजन सोडतं.

पण तेच बाटलीत आपोआप तयार झालं तर घात. बीएस्सीला असताना आमच्या लॅबमधले मामा सोडियमचा तुकडा चिमट्यानं काढून, टिपकागदावर टिपून, खुशाल कापून द्यायचे. पोटॅशियमची एक जुनी बाटली मात्र त्यांनी लांबूनच दाखवली. केरोसीन अर्ध्यावर आलेलं, ढेकळावर पिवळट पापुद्रा चढलेला. तो पापुद्रा सुरीनं खाली दाबला गेला, की आतला धातू आणि चिकटलेलं केरोसीन यांच्याशी भिडून स्फोट होऊ शकतो. "सोडियमची साल काढतात," मामा म्हणाले, "हिला सुरी लावायची नाही."