पहाटेचा ललित राग आदल्या रात्री कसा गेला?

डिसेंबर आला की गाण्यांची ॲपं ‘तुमचं वर्ष’ अशी रंगीत चित्रं पाठवतात. त्यावरून कुणी स्वभाव सांगू लागलं, तर ते राशिभविष्यच समजावं. मोजलेलं असतं ते इतकंच : कुठलं गाणं, कधी, किती वेळ. तेवढ्यावरून आपल्या ऐकण्याचं खरं घड्याळ दाखवणारं वेब ॲप मात्र घरी बनवता येतं.

स्पॉटिफायच्या खात्यात गोपनीयतेच्या पानावरून सविस्तर इतिहास मागवला की जेसन फायली, म्हणजे प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या नोंदींच्या फायली, मिळतात. प्रत्येक नोंदीत गाणं थांबल्याची वेळ असते, तीही यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत), आणि ऐकलेले मिलिसेकंद. अल्लादिया खाँसाहेब जिथे दरबारी गायक होते, त्या कोल्हापुरात राग आणि प्रहराचं नातं वेगळं सांगायला नको. पण इथे पहाटे ५ ला संपलेला ललित फायलीत आदल्या तारखेच्या २३:३० ला दिसतो! म्हणून आधी साडेपाच तास मिळवायचे, मग ऐकलेला वेळ वजा करायचा. ख्याल ४० मिनिटांचा असेल तर सुरुवात ४:२० ची. मध्येच पॉज केलं असेल तर मात्र हा अंदाजच. ३० सेकंदांखालच्या नोंदी गाळाव्यात.

आता खरी गंमत. रात्री ११ ला आणि १ ला गाणी ऐकली, तर सरासरी वेळ कोणती? (२३ + १) ÷ २ = १२, म्हणजे भर दुपार! वेळ सरळ रेषेवर नसते, वर्तुळावर असते. एका तासाला १५ अंश धरा. प्रत्येक नोंदीचा त्या दिशेने एक बाण काढा, लांबी ऐकलेल्या मिनिटांइतकी. सगळे बाण टोकाला शेपूट लावून जोडले की पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंतची दिशा हीच सरासरी वेळ. कोडमध्ये प्रत्येक कोनाचे साईन आणि कोसाईन मिनिटांनी गुणून त्यांच्या दोन वेगळ्या बेरजा करायच्या आणि त्यांवरून कोन काढणाऱ्या ‘एटॅन२’ या फंक्शनला द्यायच्या. उत्तर रेडियनमध्ये येतं, ते अंशांत बदला. ऋण असेल तर ३६० मिळवा, मग १५ ने भागा. या बेरजेच्या बाणाची लांबी एकूण मिनिटांच्या मानाने फारच कमी भरली, तर सरासरी दाखवूच नका. सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ६ ला सारखंच ऐकणाऱ्याला सरासरी वेळ नसतेच.

चित्रासाठी २४ पाकळ्यांचं फूल छान दिसतं. पण पाकळीची त्रिज्या मिनिटांच्या वर्गमुळाप्रमाणे ठेवा. नाहीतर दुप्पट ऐकलेल्या तासाची पाकळी चौपट दिसेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये सैनिकांच्या मृत्यूंच्या आकृतीत क्षेत्रफळच मोजमाप धरलं होतं.

या फायलींत आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांकही असतो. म्हणून त्या सर्व्हरवर चढवू नका, ब्राउझरमध्येच वाचा.